अक्काचं गाणं बावांनी बंद केलं नाही

माझी बहीण सकाळी गेली आणि दुपारपर्यंत तुम्ही तिचं प्रकाशशी लग्नही लावून टाकलंत.

कुणीतरी ग्रुपवर जुना फोटो टाकलाय. स्टेजवर दोन माईक, एकाशी प्रकाश, दुसऱ्याशी आमची सुमित्राक्का.
खाली कमेंट, "अखेर वरती जोडी जमली."
त्यावर लाल बदाम.

प्रकाश गेल्या वर्षी गेला. त्याची बायको आहे, नातवंडं आहेत.
आणि इथे साखर पेठेत माझे बावा भिंतीला टेकून बसलेत. बावा म्हणजे आमच्या तेलुगूत बहिणीचा नवरा. मोबाईल त्यांच्याकडेही आहे. तेही वाचतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता आणि सोलापुरात पेठेपेठेत ऑर्केस्ट्रा निघाले होते. गणपतीत, नवरात्रात रोज कुठे ना कुठे प्रोग्राम. आमच्या भागातल्या ऑर्केस्ट्रात गाणारा एकच, प्रकाश. गाणाऱ्या दोघी, आमची अक्का आणि मैंदर्गीची महानंदा.

अक्का दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. महानंदा एसटीने यायची, येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायची. रिहर्सलला दोघी एकाच डब्यात जेवायच्या.

पब्लिकमध्ये मात्र दोन पार्ट्या.
एक म्हणायची प्रकाशची जोडी सुमित्राशीच शोभते. दुसरी म्हणायची महानंदाशीच.
अहो, ड्युएट गात होते ते. संसार नव्हते करत.

सुमित्रा पार्टी मांडवात डावीकडे, महानंदा पार्टी उजवीकडे. अक्काचं गाणं लागलं की उजवीकडून कुत्र्यामांजरांचे आवाज. महानंदाचं लागलं की डावीकडून खडे. सायकलींची हवा सोडायची, कॉलर धरायची, एकाचं तर डोकं फोडलं. मागावरची पोरं होती, कॉलेजातली होती, एक बँकेतला क्लार्कही होता. गाणं कोण ऐकत होतं देव जाणे.

स्टेजच्या मागे प्रकाश अक्काला ताई म्हणायचा. हे मी तेव्हा सुमित्रा पार्टीतल्या एकाला सांगितलं.
तो म्हणाला, "ते दाखवायला म्हणतोय की."

मग अक्काचं लग्न ठरलं. बावा चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, माग दुरुस्त करायचे. गाण्यातलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. पण बघायला आले तेव्हा आमच्या आईला स्वतःहून म्हणाले, "लग्नानंतरही ती गाणार. मी बरोबर येत जाईन."

लग्नाआधीच्या नवरात्रात ते आलेही. इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले.
अक्का माईकपाशी आली आणि गोंगाट सुरू झाला.
उजवीकडून नाही. डावीकडून. तिच्याच पार्टीकडून.

"आमच्या प्रकाशला फसवलीस की गं."
"जा, त्या जॉबरपुढं जाऊन गा."

प्रकाशच्या ओळी सगळ्यांनी ऐकल्या. अक्काच्या ओळी आल्या की शिट्ट्या. प्रकाशने गाणं थांबवून हात जोडले, कुणी जुमानेना. अक्का नुसती उभी होती.

तेव्हा महानंदा विंगेतून बाहेर आली. ती प्रकाशच्या माईकपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "सुमे, गा तू. मी हाय की."

दोघी गायल्या. एकच कडवं.
मी ते ऐकलं. तुम्ही नाही ऐकलं, कारण दोन्ही पार्ट्यांना एकदमच राग आला होता आणि तुम्ही खुर्च्या उचलल्या होत्यात.

बाहेर आलो तर बावांच्या सायकलला जुन्या चपलांची माळ. त्यांनी ती काढली, भिंतीकडेला ठेवली आणि आम्हाला टांगा करून दिला.

लग्न झाल्यावर तेच ऑर्केस्ट्राच्या मालकाकडे गेले, हिला गायला बोलवा म्हणून.
मालक म्हणाला, "तुमची बायकू गुणाची हाय ओ. पण पब्लिक ऐकंना. पुन्ना खुर्च्या मोडल्या तर मंडळवाले मला उभं करायचे न्हाईत."
बावा दुसऱ्या ऑर्केस्ट्राकडे गेले. मग तिसऱ्याकडे. राड्याची बातमी सगळीकडे आधीच पोचली होती.

अक्का परत सूप घेऊन बसली. पुढे महानंदानेही सोडलं.

आणि तुम्ही गावभर काय पसरवलंत?
नवऱ्याने गाणं बंद केलं.

इतकी वर्षं आम्ही हेच ऐकतोय. लग्नात, बारशात, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा. आज त्या फोटोखालीही तेच, "नवऱ्याने घरी बसवली, नाहीतर कुठल्या कुठे गेली असती."

लिहिणाऱ्याला मी ओळखते. डावीकडे सगळ्यात पुढे असायचा. नाव लिहीत नाही, कारण त्याची नात माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे आणि पोर चांगली आहे.

तिचं गाणं तुम्ही बंद केलंत. तिच्यावर जीव टाकतो म्हणणाऱ्यांनी. जोडी मोडली म्हणताच तुम्हाला तिचा आवाजही नकोसा झाला.
लाज वाटत असेल तर आधी ते लिहिलेलं काढा.

मघाशी बावांनी मोबाईल खाली ठेवला आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता चिडणार. खरं तर आज तरी त्यांनी चिडावं, चार शिव्या हासडाव्यात असं मला फार वाटत होतं.

त्यांनी हळूच विचारलं, "तिलाही असंच वाटायचं का गं? मी बंद केलं म्हणून?"

मी म्हटलं, "नाही बावा. कधीच नाही."
परत म्हटलं. हात धरून म्हटलं.
ते मान हलवत राहिले, पण त्यांना पटलेलं दिसत नाही. आणि जिच्या सांगण्याने पटलं असतं ती समोर चटईवर आहे.

अक्का, तुला अखेरचा नमस्कार.
बावांकडे मी बघते. तू नीट जा.