सगळ्या सेलना एकच पाणी

पेढे आणि ॲसिड यांचा वास एकत्र आला की मी अजून तिथून बाजूला होते. वाघोलीच्या आमच्या कारखान्यात त्या सकाळी तो भरून राहिला होता.

बॅटरीचं डिझाइन माझं होतं. विश्रांतवाडीतल्या एका लहान दवाखान्यात, लसींच्या फ्रिजसाठी ती जायची होती. चालली असती तर माझी पहिली. आत ओळीने सेल आणि सगळ्यांना पाणी, म्हणजे ॲसिडचं द्रावण, एकाच टाकीतून. मेख अशी की हे पाणी वीजही वाहून नेतं. सामाईक नळीतून वीज एका सेलकडून दुसऱ्या सेलकडे पळते आणि बॅटरी काम न करताच रिती होते. म्हणून प्रत्येक सेलकडे जाणारी वाट लांब, बारीक ठेवायची. पाणी पोचतं, वीज अडते. मी तशा नागमोडी वाटा काढल्या. पेटी मोठी झाली.

बॅटरी दवाखान्याला सुपूर्द करायचा कार्यक्रम ठरला होता आणि आमच्या मालकांना, साहेबांना, ती पेटी त्याच्या फोटोत शोभेना. मी परोपरीने समजावलं. “अहो मॅडम, लोक आत डोकावणार आहेत का?” म्हणत त्यांनी वाटा छाटून आखूड केल्या. त्यात पूजेचा मुहूर्त निघाला आदल्या संध्याकाळचा. तेव्हाच पाणी भरून बॅटरी चार्ज केली, पाणी फिरवणाऱ्या पंपाला हळदकुंकू वाहिलं आणि तो रात्रभर चालू ठेवला. पूजा झालेलं यंत्र लगेच बंद करू नये म्हणे.

सकाळी बॅटरी पार रिकामी; वीज आखूड वाटांतून रात्रभरात पळून गेली होती. कार्यक्रम पुढे ढकलतील असं मला वाटलं. कसलं काय! साहेबांनी घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी आणून टेबलाखाली सरकवली, वरून जरीचं कापड सोडलं. आमच्या पेटीवरचा दिवा लागला, टाळ्या पडल्या. माझ्या खांद्यावर शाल पडली तेव्हा अंगावर पाल पडावी तशी किळस आली. मला साहेबांच्या हसऱ्या तोंडाकडे बघवेना.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, वीज गेली तर रात्रभर टिकेल ना? साहेबच म्हणाले, टिकेल की.

मी कापड वर केलं. “दिवा हिच्यावर लागलाय. आमची रिकामी आहे.”

बाई वाकून खाली बघत राहिल्या. मग हातातला पेढा त्यांनी ताटात परत ठेवला.

“मग मला ही खालचीच द्या,” त्या म्हणाल्या.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तेच मला पचेना.