पालावाली

लेट्यूसला आमच्या स्वयंपाकघरात सगळे पालाच म्हणतात, आणि माझ्या वहिनीला पालावाली. हॉटेल मोठं असलं तरी आमचं जग मागच्या दारापाशी. मी शेगडीवर सूप ढवळते. वहिनी पलीकडे, नळ आणि बर्फाच्या बाजूला. भाऊ गेल्यापासून घरी दोघीच, कामावर दोघीच. एकमेकींचा कंटाळा यायलाही आता अंगात त्राण नसतं.

पाला म्हणजे नखरेल प्रकरण. बाहेरची फाटकी पानं काढायची, बुडखा कापायचा, पानं बर्फाच्या पाण्यात ठेवायची. मरगळलेली ताठ होतात आणि माती तळाला बसते. मग जाळीच्या भांड्यात गरगर फिरवून फडक्यावर पसरायची. डब्यात खाली-वर कोरडं फडकं, मधे पानं, पण दाबायची नाहीत. डबा सफरचंदांपासून लांब ठेवायचा, नाहीतर पानांवर तांबूस डाग पडतात. एवढं करून थोडी ओल राहिली तर सगळं मुसळ केरात, सकाळी डब्यात नुसता चिखल. वहिनी बोलता बोलता पानांच्या ढिगात हात घालायची आणि म्हणायची, "अजून ओलं आहे." तिचं कधी चुकलं नाही.

पण गार पाणी आपली किंमत वसूल करतंच. एकदा घरी तिने उकळत्या चहाचं भांडं फडक्याशिवाय उचललं आणि शांतपणे ओट्यावर ठेवलं. मी किंचाळले. ती आपल्या तळव्याकडे परक्या वस्तूकडे बघावं तशी बघत होती.

"कधीपासून गं?" मी विचारलं.

"बरेच दिवस झाले. बोटांना काही कळतच नाही. कामावर बोलू नकोस. भांडी घासायला टाकतील, आणि माझी कंबर तिथे टिकायची नाही. मग घरीच बसावं लागेल."

मला तिचा असा राग आला! इतके दिवस शेजारी झोपते आणि ताकास तूर लागू दिली नाही. राग गिळला आणि आम्ही एक युक्ती काढली. मीठ आणायच्या निमित्ताने मी तिच्याकडे जायचं, ढिगात हात घालायचा आणि शेगडीकडे परत येऊन खोकायचं. खोकले तर कोरडं, भर डब्यात. गप्प राहिले तर पसर पुन्हा. इतक्यांदा मीठ आणते म्हणून आचारी मला चिडवायचे, "बाई, सूप करताय की लोणचं?"

युक्ती चालली. पण दोन माणसांचं काम दीड माणसाने करायचं म्हणजे काय, ते माझ्या पायांना विचारा. घरी आलो की दिवा न लावता बसून राहायचो.

मग त्या दिवशी शेजारच्या कढईत कुणीतरी मिरच्या टाकल्या. ठसका नाकातोंडात गेला आणि मला खोकला आवरेना. डोळे पुसून बघते तो वहिनी डबे भरून, झाकणं लावून, शीतकपाटात ठेवून मोकळी. ती पानं मी अजून तपासलीच नव्हती. धावत जाऊन डबे उघडावेत तर मुख्य आचारी तिथेच उभा. म्हटलं, असेलही कोरडं. दमलेलं माणूस स्वतःला काहीही पटवतं.

सकाळी त्याने पहिला डबा उघडला आणि वास सगळ्यांना आला.

"कुणी भरला हा?"

"मी," मी म्हणाले. "काल मीच भरला. घाईत होते."

"ती काय भरतेय!" वहिनी मागून म्हणाली. "मी भरला. माझ्या बोटांना ओलं-कोरडं कळत नाही. हिच्या खोकल्यावर चाललं होतं सगळं."

मुख्य आचारी वाईट माणूस नाही. तोही आमच्यासारखाच थकलेला. त्याने तिचे हात हातात घेऊन बघितले, डब्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "बाई, आता घरी बसा." मग माझ्याकडे वळला. "पाला तुम्ही घ्या. तुम्हाला येतंच."

वहिनीने एप्रनची गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटेना. मीच सोडली. ती गेली आणि मी तिच्या जागी उभी राहून बर्फाच्या पाण्यात हात घातले. पहिल्याच डुबकीला जीव कळवळला. ही बाई वर्षानुवर्षं इथे उभी राहून विनोद करायची.

संध्याकाळी घरी पोचले तर दिवा लागलेला होता. वहिनीने मला खाली बसवलं आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळायला लागली. तिचे हात असे कधी कुणी चोळले नव्हते, मीसुद्धा नाही. बराच वेळ चोळत राहिली.

"ऊब आली की सांग गं," ती म्हणाली. "मला कळायचं नाही."

ऊब केव्हाच आली होती. मी सांगितलं नाही.