दुष्काळातली छत्री

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कचेरीतले माझे सोबती वारले तेव्हा सगळे त्यांच्या छत्रीचे किस्से सांगत होते, मीही त्यात हसलो. आता टाळायचाही कंटाळा आलाय.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत आमची टेबलं शेजारी. लोक टँकरची वाट बघत बसलेले, आणि देवणीकडचे हे गृहस्थ भर दुपारी काळी छत्री उघडून धाकट्या लेकीला शाळेतून आणायला निघायचे.

"काय मालक, ढग दिसले का?" चहावाला विचारायचा.

"पाऊस न्हाई म्हणूनच छत्री," ते म्हणायचे.

लेकीला ऊन सोसायचं नाही. तोंडभर काळे ठिपके, नाकावर न भरणारी जखम. पण छत्रीखाली ती इतकी बडबडायची की लांबून छत्रीच बोलतेय असं वाटे.

सोलापूरच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेलो. त्यांनी सांगितलं, हा कातडीचा कर्करोग. उन्हानं झालेली इजा भरून काढायची ताकद पोरीच्या अंगात जन्मापासून नाही. तो दोष आई आणि बाप, दोघांकडून आलाय. नवराबायको मामा-भाची होते. "थोरली धडधाकट आहे, पण दोष तिच्यातही लपलेला असू शकतो. तिला नात्यात देऊ नका."

परतताना एसटीत ते म्हणाले, "अण्णा, माझं घरात कोण ऐकतंय? थोरलीच्या लग्नाच्या बैठकीत तुम्हीच सांगा."

बैठकीत त्यांची बहीण आपल्या मुलासाठी थोरलीला मागत होती. "भावाच्या लेकीवर माझा हक्क हाय. असल्या दुष्काळात बाहेरचे पाहुणे कुठं हुडकायचे?" मग माझ्याकडे वळली. "डाक्टर काय म्हणला, अण्णा?"

माझी बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. घरात लग्नाच्या मुली. हे बोललो तर उद्या आमच्याही रक्ताची चर्चा होईल, एवढंच डोक्यात आलं.

"उन्हाला जपा म्हणाले."

"आणखीन पण म्हणले की, अण्णा," ते हळूच म्हणाले.

"तुला काय कळतंय रे? अण्णा शिकलेले हायत," बहीण म्हणाली.

मी पानाच्या तबकाकडे बघत राहिलो. सुपारी फुटली.

धाकटी त्यानंतर फार जगली नाही. छत्री कचेरीतल्या खिळ्याला तशीच लटकत राहिली.

बऱ्याच वर्षांनी गंजगोलाईच्या बाजारात ते दिसले, एक लहान छत्री उघडून तिच्या काड्या तपासत होते.

"कुणाला?" मी विचारलं.

"नातीला. थोरलीच्या लेकीला." एक काडी सरळ करत म्हणाले, "तसंच हाय."

मी स्टँडकडे निघालो तर सोबत आले. ती एवढीशी छत्री त्यांनी माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः उन्हातून चालत राहिले. बस लागलेली होती. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "छत्री चांगली मिळाली."