उठलेला नाग

आप्पा, म्हणजे माझे वडील, भोरला वैद्यकी करत. पुण्याच्या इंग्रजी शाळेतून मी श्रावणात सणाला घरी आले की परसात त्यांची लोखंडी कढई दिसे. तिच्यात शिसं वितळवून, चिंचेच्या सालीची पूड टाकून ते पळीनं घोटत बसत. वैद्यांच्या भाषेत शिशाला नाग म्हणतात आणि त्याची राख करण्याला मारणं. राखेतून पुन्हा धातूचा मणी चमकला, तर नाग उठला म्हणायचं.

एका नागपंचमीला नवऱ्याचं औषध न्यायला पासलीहून एक बाई आली होती. आप्पा कढईत डोकावून म्हणाले, "अजून मेला नाही नाग. पुन्हा जाळायला हवा."

बाई ताडकन उठली. "वैद्यबुवा, आज पंचमी! आज आमी तवासुदीक चुलीवर ठिवत न्हाई, अन् तुमी नाग जाळताय?"

"बाई, हे शिसं. बंदुकीच्या गोळीचं."

"नाव तर त्येचंच घेतलं की! त्यो डूख धरतो."

"धरू दे. याला दात कुठं आहेत?"

आप्पा हसले. बाईनं पुडी पदराला बांधली आणि कढईला पाठ न दाखवता मागं मागं सरकत गेली.

त्यानंतर दोन वर्षांनी मी घरी आले तर आप्पांचा उजवा हात मनगटातून खाली लोंबत होता. बोटं उचलत नव्हती. रोग्यांची नाडी ते डाव्या हातानं पाहत. मी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं, शिशाची वाफ वर्षानुवर्षं अंगात गेली की हात असे लुळे पडतात. काम सोडलं तर पुन्हा जोर येऊ शकतो. आप्पांसमोर मी सहसा तोंड उघडत नसे. त्या दिवशी बोलले.

"आप्पा, हे शिशामुळे झालंय. कढई बंद करा."

"शिशामुळे, म्हणजे नागामुळेच ना? ती पासलीची तरी वेगळं काय म्हणाली होती?"

आप्पांनी कढईकडं पाहिलं.

"आणि कढईतला हा? अर्धमेला?"

"राहू दे तसाच," मी म्हणाले.

आप्पा थट्टा करत नव्हते. आईनं कढईवर टोपली पालथी घालून वर दगड ठेवला. वर्षभर ते दोघं, आणि घरी आले की मीही, त्या टोपलीला वळसा घालून जात होतो.

पुढच्या पंचमीला आईनं माजघराच्या भिंतीवर चंदनाचे नाग काढले. समई आप्पांच्या मागं कोपऱ्यात होती. त्यांनी नमस्काराला हात उचलले आणि उजव्याची सावली भिंतीवर पडली. उभं मनगट, पुढं कललेला फणा. चंदनाच्या नागांशेजारी हा मोठा, काळा. आईच्या मुठीत लाह्या तशाच राहिल्या.

मी बोटांकडं बघत होते. वर्षभर जेव्हा जेव्हा घरी आले, तेच बघत होते. बोटं थरथरली. मग थोडी वर आली.

भिंतीवरचा फणा ताठ झाला. आई एक पाऊल मागं सरली.

आप्पांची नजर सावलीवर होती.

"उठला," ते म्हणाले.