सुतळीची दुसरी गाठ

प्रथम क्षमा मागतो. मी महाविद्यालयात गणित शिकवले; आयुष्यभर फळ्यावर लिहिले आणि तास संपताच पुसून टाकले. राहील असे काही लिहिण्याची सवय मला नाही. त्यातून विषय म्हणाल तर माशांच्या टाकीवरचा दिवा. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने एवढ्याशा गोष्टीसाठी वाचकाचा वेळ घ्यावा का, हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला. पण त्या दिव्याच्या लांबीवर माझ्या थोरल्या बहिणीचे आमच्याकडे राहणे अवलंबून होते, म्हणून लिहितो.

अक्का नांदेडला राहत असे. दाजी वारल्यावर वर्षभर ती त्या घरात एकटीच होती. मी आणि पत्नीने फार आग्रह केला, तेव्हा ती लातूरला आमच्याकडे यायला तयार झाली. अट एकच होती. दाजींनी हौसेने पाळलेले मासे टाकीसकट सोबत येतील.

"पंधरा दिवस बघते," ती म्हणाली. "मासे रमले तर मी बी राहीन. न्हाई रमले तर टाकी घेऊन माघारी."

टाकी टेम्पोतून सुखरूप आली. एक म्हातारा गोल्डफिश आणि चार काळे मॉली अक्काने झाकणाच्या बादलीत, पायांशी धरून आणले. टाकीवरची जुनी ट्यूब मात्र वाटेत फुटली. आमच्या बैठकीच्या कोपऱ्यात ऊन येत नाही. गोल्डफिश फिल्टरच्या मागे जाऊन बसला तो बाहेर येईना. पाण्यातल्या रोपांची पाने चार दिवसांत पिवळी पडू लागली. अक्का समोर खुर्ची टाकून बसे.

"घर बघून राहिला त्यो," ती म्हणे. "पसंत न्हाई दिसत."

नवा एलईडी दिवा आणायचे ठरले, तेव्हा अक्काने सुतळी मागितली. तिच्या घरातली प्रत्येक वस्तू सुतळीच्या मापाने आली होती. पडदे, गादीच्या खोळी, नातवाच्या पाळण्याची झालरसुद्धा. टाकीचे माप तिने एकटीने घेतले आणि गुंडाळी माझ्या हातात दिली.

"नुसतं तीन फुटी म्हणू नको. तुझ्या दाजींनी टाकी कोनाड्याच्या मापानं करून घेतली हाय, तीन फूट भरत न्हाई."

जिन्यात मी सुतळी उलगडली. टोकाशी दोन गाठी होत्या, एकमेकींपासून दोन-तीन बोटे दूर. अक्काचे वय पंच्याहत्तर. हात घसरला असेल, पहिली गाठ चुकली म्हणून दुसरी मारली असेल, असे मला वाटले. आदल्या दिवशी मी स्वतः टेपने टाकीतले अंतर, एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत, मोजून ठेवले होते. खिशातला टेप सुतळीला लावून पाहिला, तर आतली गाठ त्या मापाशी तंतोतंत जुळली. बाहेरची गाठ मी नखाने सोडवली. चुकीची पायरी पुसल्यावर फळा जसा स्वच्छ दिसतो, तशी ती सुतळी मला दिसली. वर जाऊन विचारावे, असे मनात आलेच नाही.

दुकानात गर्दी होती. दुकानदाराने सुतळी काउंटरवर ताणली आणि विचारले, "सर, माप आतलं का बाहेरचं?"

मागे चार माणसे उभी होती. त्यांच्यासमोर प्रश्न नीट न कळल्याचे कबूल करणे मला जमले नाही. मी म्हणालो, "माप बरोबर आहे."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि दिवा बांधून दिला.

घरी आल्यावर त्या प्रश्नाचा अर्थ कळला. टाकीच्या काठाला दाजींनी सागवानी चौकट बसवून घेतली होती. दिव्याच्या दोन्ही टोकांना बाहेर सरकणारे पाय असतात, आणि ते त्या चौकटीवर टेकायला हवे होते. मी ते पूर्ण ओढले, तरी ते चौकटीच्या आतच लोंबकळत राहिले. शेवटी टाकीवर दोन लाकडी मोजपट्ट्या आडव्या टाकून मी दिवा त्यांच्यावर ठेवला. पट्टी घसरली, दिवा कलंडला. मी तो वरच्या वर धरला, पण पट्टी पाण्यात गेली. बटण अजून चालू केलेले नव्हते, एवढेच दैव. गोल्डफिश फिल्टरच्या मागे आणखी आत शिरला.

अक्का आवाज ऐकून आली. तिने चौकट पाहिली, दिवा पाहिला.

"सुतळी दाखवली होतीस का दुकानात?"

"दाखवली."

चहाच्या वेळी तिने माझ्या पत्नीला विचारले, "सकाळची नांदेडची गाडी किती वाजता असती गं?"

माझा चहा गार झाला. वर्गात चुकलेले गणित कबूल करताना मला कधी लाज वाटली नव्हती; स्वतःच्या बैठकीत मात्र शब्द फुटेना. शेवटी कपाकडे पाहतच म्हणालो, "अक्का, सुतळीला दोन गाठी होत्या. एक मी सोडली. मला वाटले, तुझा हात चुकला."

तिने कप खाली ठेवला.

"मला वाटलं, माझाच चुकला," ती हळूच म्हणाली. "मघापासून ह्या बोटांकडं बघून राहिले. म्हटलं, आता माप बी येईना झालं, दुसऱ्याच्या घरी राहून उगं कुणाला भार व्हावं?"

मग तिने पदर तोंडाला लावला. मला वाटले रडते आहे. ती हसत होती.

"अरे मास्तर, एक गाठ काचंची, एक चौकटीची! पोरांना तू गणित शिकवत होतास, का पोरं तुला?"

दुसऱ्या दिवशी, लातूरला आल्यापासून पहिल्यांदाच, ती घराबाहेर पडली. दुकानदाराने दोन गाठींची नवी सुतळी ताणून पाहिली. "मावशी, असं माप आलं म्हंजी कामच सोपं," तो म्हणाला आणि दिवा बदलून दिला. नव्या दिव्याचे पाय चौकटीवर नीट बसले आणि उजेड दोन्ही कोपऱ्यांतल्या रोपांपर्यंत पोहोचला. गोल्डफिशने घाई केली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो बाहेर आला, काचेपाशी थांबला, आणि परत गेला नाही.

पंधरावा दिवस केव्हा उलटला ते आम्ही कुणी बोललो नाही. त्यानंतरच्या सकाळी अक्काने पुन्हा सुतळी मागितली. तिच्या खोलीच्या खिडकीला पडदा नव्हता. या वेळी एक टोक मी धरले. दुसरी गाठ कशासाठी, हेही विचारून घेतले. शिवणीसाठी, ती म्हणाली.

त्या दिवशी जिन्यात तुम्ही असता, तर गाठ सोडण्यापूर्वी वर जाऊन तिला विचारले असते का?