दिसेल पण ऐकू येणार नाही इतकं लांब

बी.डी.ओ. साहेबांनी कोट चढवला, ओट्यावर जाऊन उभे राहिले आणि थेट सडकेवर बोलायला लागले. सडक पुढच्या वर्षीच्या योजनेत घेतली आहे, खडी मंजूर व्हायची आहे, थोडा धीर धरा. समोर पंचायत समितीच्या आवारात अख्खा बंजारा तांडा बसला होता. कापसाच्या गाड्या बाजारात रिकाम्या करून ते सरळ इकडे आले होते. पुरुष पुढे, बाया मागे, बैल कुंपणाला. पुसदला बदली होऊन आल्यापासून साहेबांनी एवढी माणसं फक्त सडक मागायलाच आलेली पाहिली होती. त्यांचा तरी काय दोष?

तांड्याचे प्रमुख थावरा नाईक म्हणजे पांढऱ्या मिशांचा धिप्पाड माणूस. त्यांनी भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हात जोडून म्हणाले, “सडक झाली तं बरंच हाय, साहेब. पण आमी त्या सल्लेवाल्या बाईकडे आलो.”

साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “शकुंतलाबाई, हे सगळे तुमचे?”

“बघते,” मी म्हटलं.

माझं काम काय होतं ते आधी सांगते, कारण त्या काळी ते माझ्या आईलाही नीट कळलं नव्हतं. ती शेजारणींना सांगायची, पोरगी सरकारात बोलायची नोकरी करते. नागपूरला समाजकार्याचं ट्रेनिंग घेऊन मी या ब्लॉकमध्ये आले होते. घरात कोणी गेलं, मारहाण झाली, कोणाचं मन इतकं खचलं की जगणं नको झालं, अशा वेळी माणसानं बोलायला यावं म्हणून एक खोली दिली होती. शेजारी बियाण्याचं गोदाम. खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि डीडीटीचा वास.

ट्रेनिंगमध्ये तीन गोष्टी घोटून घेतल्या होत्या. माणसाशी एकांतात बोलायचं आणि ते बाहेर फुटू द्यायचं नाही. त्याचा निर्णय आपण घ्यायचा नाही. आणि जिवाला धोका असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. लोकांना मात्र माझ्याकडून भलतंच हवं असायचं. कोणाला मी वकील वाटायचे, कोणाला इंजेक्शनवाली नर्स. एक म्हातारी तर अंगारा मागायला आली होती. नाही म्हटल्यावर म्हणाली, मग इथं ठेवलं काय हाये?

नाईकांनी केस सांगितली. केस त्यांच्या पुतण्याच्या बायकोची, रूपलीची. श्रावणात तिचं धाकटं लेकरू तापानं गेलं. तेव्हापासून ती बोलत नव्हती. चूल पेटवली तर समोर तशीच बसून राहायची. भर दुपारी उठून रानात निघून जायची. आठवड्याखाली ती विहिरीच्या काठावर बसलेली सापडली. पाण्याला आलेल्या बायांनी तिला ओढून घरी आणलं.

“कोणी म्हनते बाहेरची बाधा हाय, कोणी म्हनते करणी,” नाईक म्हणाले. “पुढच्या बाजारानंतर आमचा नसाब बसते. तिले माहेरी लावून द्या आन पोराले दुसरी करा, असं लोकाईचं म्हननं हाय.”

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. तिथला शब्द शेवटचा. रूपलीला पाच-सहा वर्षांची एक मुलगीही होती. रूपली माहेरी गेली तरी मुलगी सासरीच राहणार होती. म्हणजे एक लेकरू देवानं नेलं आणि दुसरं पंच नेणार. विहिरीच्या काठावर जाऊन आलेल्या बाईचं त्यानंतर काय होईल, हे सांगायला ट्रेनिंग लागत नाही.

मी रूपलीला खोलीत नेलं. साहेब रूलबुकाचे पक्के. मला मदत म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं बाहेरून दार ओढून घेतलं. आम्ही खुर्च्यांवर टेकतो न टेकतो तोच बाहेर गलका झाला आणि दारावर थापा पडल्या. उघडून बघते तर रूपलीची सासू जमणीबाई दारात, आणि तिच्यामागे झाडून सगळा तांडा उभा.

“बाई,” नाईक शांतपणे म्हणाले, “आमच्यात दार लावून बोलत नाहीत. दार लावून दोनच कामं होतात. चोरी नाही तं करणी.”

आधीच जिच्यावर करणीचा संशय, तिला मी बंद खोलीत घेऊन बसले होते. वाह रे एकांत.

“मग सगळ्यांसमोर बोलू द्या तिला,” साहेब म्हणाले.

तेही जमणारं नव्हतं. रूपली घुंघट हनुवटीपर्यंत ओढून उभी होती. सासरा, नाईक, थोरला दीर समोर असताना सून तोंड उघडत नाही. तिच्या वतीनं तिचा बाप किंवा भाऊ बोलतो. बाप नव्हता आणि भाऊ दूर किनवटकडे होता. दार लावलं तर बदनामी, उघडलं तर मुकी. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

मी नाईकांना विचारलं, “तुमचा नसाब कुठं बसतो?”

“उघड्यावर. सगळ्याईले दिसलं पायजे.”

“मग मीही उघड्यावर बसते. तुम्ही सगळे बघा. फक्त ऐकू येणार नाही इतकं लांब बसते.”

नाईकांनी मिशीवरून हात फिरवला. ऑफिसच्या मागे बियाण्यांचं प्रात्यक्षिक दाखवायचा जमिनीचा तुकडा होता, तो यंदा पडीकच होता. किती लांब बसायचं यावरून बैलाचा सौदा व्हावा तशी घासाघीस झाली. ते म्हणाले, त्या बोरीपर्यंत. मी म्हटलं, बोरीपासून सगळं ऐकू येईल. ते म्हणाले, करून पाहू. पारख करायला त्यांनी जमणीबाईलाच माझ्यासोबत धाडलं. आम्ही बसायचं, साध्या आवाजात बोलायचं, आणि इकडून नाईक ओरडून सांगणार.

बोरीखाली बसलो. “ऐकू येऊन राह्यलं,” नाईकांची हाक आली. उठून पुढे सरकलो. पुन्हा तेच. तिकडे साहेब कोट घालून, कानामागे हात धरून उभे होते. मला हसू आवरेना. शेवटी आम्ही पार धुऱ्यावर, शेताच्या शेवटच्या बांधावर, जाऊन बसलो.

“बोला काहीतरी,” मी जमणीबाईला म्हटलं.

“काय बोलू?”

“काहीही. तुमच्या घरचं सांगा.”

सून कामाची नाही म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी हीच बाई. लांबून नाईकांनी हात हलवला, ऐकू येत नाही. पारख संपली होती. मी उठायला लागले, तर तिनं माझा पदर धरला.

“खरंच ऐकू नाही येत त्याईले?”

“नाही येत.”

मग ती बोलायला लागली. ती काय बोलली ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. पुढे तिनंच भर नसाबात सांगितलं, म्हणून आज लिहिते आहे. तिची स्वतःची तीन लेकरं गेली होती. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सासूनं तिला वेचणीला पाठवलं होतं. “मले कोणी बसू देलं नाही, बाई. मंग हिले कायले बसू देऊ?” एवढं बोलून ती रडली. पाठ तांड्याकडे होती. डोळे पुसून ती उठली आणि म्हणाली, “आता तिले पाठवतो.”

त्या दिवशी रूपली माझ्याजवळ बराच वेळ बसली आणि एक शब्द बोलली नाही. मीही फारसं बोलले नाही. एवढंच सांगितलं, की इथलं बोलणं माझ्याजवळ राहील, तुझ्यावर जबरदस्ती नाही, मी प्रत्येक बाजाराला इथं असते.

परत आल्यावर नाईकांनी विचारलं, “काय बोलली?”

“काही नाही.”

“मंग इतका येळ काय करून राह्यल्या होत्या?”

“बसलो होतो.”

तांड्यात कुजबुज झाली. मी नाईकांकडे दोन गोष्टी मागितल्या. एक, नसाब पुढे ढकला. दुसरी, हिला एकटी ठेवू नका. पहारा नको, सोबत हवी. पहिलीवर नाईक बराच वेळ अडले. दुसरीला जमणीबाई म्हणाली, “मी राहीन.” तिचा मुलगा, म्हणजे रूपलीचा नवरा हरसिंग, तोवर खाली मान घालून बसला होता. त्यानं मान वर करून आईकडे पाहिलं. मग नाईकही कबूल झाले.

जाण्याआधी मी रूपलीला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडे नेलं. मन खचलेल्या माणसाचं अंगही तपासून घ्यावं लागतं. तिच्या अंगात रक्त नव्हतं, ताप मुरलेला होता. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पुन्हा बोलावलं.

पुढच्या बाजाराला ती दोन वाक्यं बोलली. त्याच्या पुढच्या बाजाराला मी तिला सरळ विचारलं, “विहिरीवर गेली होतीस तेव्हा जीव द्यायचं मनात होतं का?”

उत्तर नाही, फक्त असं विचारलं एवढंच मी साहेबांना सांगितलं, तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. “अहो, असं विचारता? नसलं तरी डोक्यात येईल तिच्या.”

“साहेब, ते आधीच होतं. कोणी विचारलं नव्हतं एवढंच.”

रूपलीचं उत्तर आज तिला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, “कवा कवा येते मनात.” ते बोलल्यावर तिचे ताठलेले खांदे सैल झाले. मग आम्ही ठरवलं, तसं मनात आलं की तिनं त्याच घडीला जमणीबाईला सांगायचं आणि दोघींनी माझ्याकडे यायचं. दिवस बाजाराचा नसला तरी.

आणि त्याच दिवशी तिनं रानात का जाते ते सांगितलं. लेकरू गेलं तेव्हा ती स्वतः तापानं पडली होती. लहान लेकराला ते पुरतात, आणि तिकडे बाया जात नाहीत. पुरुष घेऊन गेले आणि परत आले. कुठं ठेवलं ते तिला कोणी दाखवलं नाही आणि सुनेनं विचारायची सोय नव्हती. ती जागा शोधत फिरत होती.

सगळा तांडा त्याला बाधा म्हणत होता. मला राग आला, खूप राग आला. पण रागाचा त्या बाईला उपयोग नव्हता. मी विचारलं, “हे कोणाला सांगितलेलं चालेल तुला?” बराच विचार करून ती म्हणाली, “सासूले. पन मीच सांगतो.”

मी तिथेच थांबले. माझ्या कामात थांबता येणं हे सगळ्यात अवघड.

त्यानंतर काय झालं ते मला दोघींनी मिळून सांगितलं. जमणीबाईला जागा ठाऊक होती. नाल्याच्या वर, पळसांच्या रांगेत. तिची तिन्ही तिथंच होती. तिनं कधी कोणाला न विचारता हेरून ठेवलं होतं. एका सकाळी ती सुनेला घेऊन गेली. “आधी तिनं तिचे दाखवले,” रूपली म्हणाली, “मंग माहा.” दोघी ऊन चढेपर्यंत तिथं बसल्या. कोणी वेचणीला बोलावलं नाही.

नसाब बसला तेव्हा नाईकांनी मला बोलावून घेतलं. सगळे गोल बसले होते. नाईक म्हणाले, “बाई, तुमी इतके दिवस ऐकलं. आता फैसला सांगा.”

“फैसला माझ्याकडे नाही.”

“मंग तिनं काय सांगतलं ते सांगा.”

“तेही नाही सांगणार.”

पंच चिडले. एक जण म्हणाला, सरकारनं मुकी बाई पाठवली. रूपली बायांच्या घोळक्यात होती आणि घुंघटाखालून तिची बोटं मुलीच्या खांद्यात घट्ट रुतलेली दिसत होती. मला वाटलं, आता तोंड उघडावं आणि सगळं सांगून टाकावं. तेवढ्यात जमणीबाई उठली. बाईनं उठून नसाबात बोलायची रीत नव्हती. तिनं बोरीपासून धुऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. तिन्ही लेकरं नावानिशी सांगितली. शेवटी म्हणाली, “माहा पोरगा दुसरी करन तं मी हिच्या माहेरी जाऊन राहीन. दोघींची भाकर मंग तोच थापन.”

मागून बाया हसल्या. हरसिंग म्हणाला, “मले नाही करायची दुसरी. मले कोणी इचारलंच नाही.” नाईकांनी पंचांकडे पाहिलं. मग म्हणाले, सासूनंच साक्ष दिली, आता आमी काय बोलावं? आणि नसाब उठला.

मला वाटेला लावायला ते गाडीपर्यंत आले. “बाई, एक इचारू? तुमी तं काहीच नाही केलं. सांगतलं नाही, फैसला देला नाही. सरकार तुमाले पगार कायचा देते?”

“न सांगण्याचाच देतं, नाईक.”

त्यांना ते पटलं नाही. अजूनही बऱ्याच लोकांना पटत नाही. अशा ठिकाणी जाल तर पहिल्या दिवशी चमत्काराची वाट बघू नका. समोरचा माणूस ऐकेल, अवघड प्रश्न सरळ विचारेल, गरज पडली तर डॉक्टरकडे नेईल आणि पुन्हा या म्हणेल. आल्या आल्या फैसला देणारा भेटला तर समजा, तुम्ही कचेरी चुकलात.

रूपली एकदम बरी वगैरे झाली नाही. वर्षभर बाजाराच्या दिवशी येत राहिली. काही वेळा फार वाईट दिवस असायचे. मग एका बाजाराला ती आली नाही. दुसऱ्यालाही नाही. माझा जीव टांगणीला लागला. साहेबांची जीप मागून घेतली आणि तांडा गाठला. सगळ्यात आधी विहिरीकडे गेले. तिथं कोणी नव्हतं. घराला कडी होती.

ती शेतात सापडली. कमरेला ओटी बांधलेली, कापसानं भरलेली. मुलगी शेजारच्या ओळीत. मला बघून ती उभी राहिली.

“दोन बाजार झाले, आली नाहीस?” मी विचारलं.

“येळच नाही भेटला, बाई,” ती म्हणाली आणि पुन्हा वाकून वेचायला लागली.

मी धुऱ्यावर बसून घेतलं. बाकीच्या धंद्यांत गिऱ्हाईक तुटलं की माणूस कपाळाला हात लावतो. मी तिथं बसून पोटभर रडले, आणि मग जीपवाल्याला म्हटलं, चला, ऑफिसला उशीर होतोय.