निंबाखालचा कारागीर

झाळायच्या हत्याराचं टोक साफ न करताच मी पाटलीणबाईंची गळकी घागर जोडायला घेतली, आणि तीही भर बाजारात.

कापूस तेजीत आला त्या साली अमरावतीत घरोघर तांब्याची भांडी वाढली. आमच्या पेठेत मी एकटा तांबट, सुखात होतो. मग समोरच्या निंबाखाली एक परगावचा कारागीर येऊन बसला आणि माझी गिऱ्हाइकं तिकडे वळली. त्याचं नाव मी मुद्दाम विचारलं नाही. माझ्या बायकोने ते पाठ करून रोज मला ऐकवलं असतं. दर जोडाआधी तो तापल्या हत्याराचं तांब्याचं टोक कानशीने घासायचा, नवसागरावर फिरवायचा, कथील लावून रुप्यासारखं करायचा. मी म्हणायचो, नुसता देखावा!

त्या दिवशी घागरीवर माझा वितळलेल्या कथलाचा डाख चिकटेना, गोळ्या होऊन घरंगळला. तो कारागीर निंबाखालून उठून आला. त्याने माझंच हत्यार घासलं, टोकाला कथील चढवलं आणि परत माझ्या हातात दिलं. "लावा आता, भाऊ." डाख पाण्यासारखा पसरला. मेला हसला असता तरी मला बरं वाटलं असतं.

मी ऐटीत घागर पुढे केली. पाटलीणबाई निंबाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "थो गाव सोडून जाईन तं मले आंधी सांगजा. मंग मी घागर जपून वापरीन."